कपाटावरची चादर आणि आतल्या सोळा बाहुल्या

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय सत्तावीस, कोल्हापुरात नोकरी, चार वर्षांत जमवलेल्या सोळा ॲनिमे फिगर्स, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या प्लास्टिकच्या मूर्ती. मागच्या महिन्यात मुलीकडची मंडळी घरी आली तेव्हा आईने काचेच्या कपाटावर चादर टाकली. मुलीच्या मामांनी नेमकी तीच चादर उचलून पाहिली आणि "अजून बाहुल्यांशी खेळता का?" म्हणून हसले. तुला काही सुचलं नाही. आता तू विचारतोयस, असल्या लोकांना उत्तर काय द्यायचं.

मी सतरा वर्षं फिगर्स जमवतेय. पुण्यात जपानी शिकले, मग अनुवादाच्या कामानिमित्त सहा वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहिले आणि येताना दोन सुटकेसा कपडे आणि सात खोके फिगर्स घेऊन आले. आज एकशे चाळीसच्या आसपास आहेत. मामा, आत्या, शेजारी, ऑफिसातले, सोसायटीचे सेक्रेटरी असे सगळे प्रश्नकर्ते होऊन गेलेत. तेव्हा लांबलचक लिहिते, सवडीने वाच.

पहिलं काम, ती चादर काढ. आईवर रागावू नकोस, तिने घाबरून केलं. पण झाकलेल्या वस्तूबद्दल पाहुणा चांगलं काही मनात आणत नाही. तेच कपाट उघडं असतं तर मामांनी फार तर "हे काय?" विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस. चादर उचलल्यावर त्यांना काहीतरी पकडल्यासारखं वाटलं, आणि तुलाही पकडले गेल्यासारखं. तिथेच घोटाळा झाला.

आता काय बोलू नये ते सांगते, कारण ते सगळं मी बोलून पाहिलंय.

"ही गुंतवणूक आहे" असं म्हणू नकोस. आकिहाबारात, म्हणजे तोक्योतल्या ॲनिमेवाल्यांच्या बाजारात, काचेचे छोटे कप्पे भाड्याने देणारी दुकानं असतात. कुणीही कप्पा घ्यायचा, आपली वस्तू आपल्या किमतीला मांडायची. तिथे एक फिगर मूळ किमतीच्या तिप्पट दराने लागलेली मी आठवडे न् आठवडे बघत होते. घ्यावी की नको या विचारात असतानाच कंपनीने पुन्हा उत्पादन जाहीर केलं, तिकडे त्याला 'साइहान' म्हणतात. महिन्याभरात भाव अर्ध्यावर. ज्यांनी 'गुंतवणूक' म्हणून घेतल्या होत्या ते बिचारे कप्प्याचं भाडं भरत बसले. शिवाय खोका फोडला की किंमत पडते आणि न फोडता ठेवली तर मग घेतली कशाला? विकायला काढल्यावर थोडेफार पैसे सुटतात, हे खरं. पण त्या जोरावर मामांशी वाद घालशील तर ते म्युच्युअल फंडाचे आकडे काढतील आणि तू हरशील.

"लोक दारू-सिगरेटवर उडवतात त्यापेक्षा बरं" हेही नको. असं म्हणून आपणच आपला छंद व्यसनांच्या रांगेत नेऊन बसवतो.

आणि "या बाहुल्या नाहीत, कलेक्टिबल्स आहेत" हे तर मुळीच नको. माझ्या जपानहून आलेल्या पार्सलांवर जकातवाल्यांनी कायम 'टॉय' असंच लिहिलंय. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. म्हणजे मामा आणि भारत सरकार यांचं या बाबतीत एकमत आहे. शब्दावरून भांडण्यात काही हशील नाही. बाहुली म्हणतात? म्हणू देत.

जपानीत बाहुलीला 'निंग्यो' म्हणतात. लिहिताना दोन अक्षरं, पहिलं माणसाचं आणि दुसरं आकाराचं. या शब्दाला तिथे पोरकटपणाचा वास नाही. ३ मार्चला मुलींच्या सणाला लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर राजा-राणी आणि दरबार मांडतात, त्या बाहुल्यांशी मुलींना खेळू देत नाहीत. आजीच्या आईपासून आलेल्या असतात. तोक्योत उएनोच्या कियोमिझु कान्नोन-दो देवळात दर २५ सप्टेंबरला जुन्या बाहुल्यांसाठी मंत्रपठण होतं आणि मग त्या अग्नीला देतात. मी एकदा गेले होते. साठीचे एक गृहस्थ कोट-टाय घालून, हातात कापडी पिशवी घेऊन रांगेत उभे होते. पिशवीत काय होतं ते दिसलं नाही. त्यांच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहत नव्हतं.

म्हणून तिथे फिगर जमवणाऱ्यांना सगळे डोक्यावर घेतात असं समजू नकोस. 'ओताकु', म्हणजे ॲनिमे-फिगर्सच्या नादात बुडालेला माणूस, हा शब्द या अर्थाने १९८३ साली एका मासिकातल्या लेखात आला तो टिंगल म्हणूनच. १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात एक तरुण पकडला गेला, त्याच्या खोलीतल्या हजारो व्हिडिओ कॅसेट टीव्हीवर दाखवल्या गेल्या, आणि पुढची कित्येक वर्षं घरात कॅसेटी-मासिकांचे ढीग असलेला प्रत्येक मुलगा संशयित ठरला. २००४ चा प्रकार तर बघण्यासारखा आहे. त्या वर्षी व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, जपानच्या दालनाचा विषयच ओताकु हा होता. त्यांच्या खोल्या, आकिहाबारा, फिगर्स, सगळं जपानची ओळख म्हणून जगासमोर मांडलेलं. आणि त्याच नोव्हेंबरात नारा शहरात एका शाळकरी मुलीचा खून झाला, तेव्हा एका नामवंत पत्रकाराने आरोपी सापडायच्या आधीच फिगर जमवणाऱ्यांच्या 'टोळी'कडे बोट दाखवलं. त्यासाठी नवा शब्दही पाडला. डिसेंबरच्या शेवटी जो माणूस पकडला गेला त्याचा या छंदाशी काही संबंध निघाला नाही. शब्द मात्र राहिला.

हे तुला सांगते कारण मामांच्या हसण्यात याच संशयाचा एक अंश आहे. माझ्या बाबतीत तो वेगळा निघतो. बाईच्या कपाटात बाहुल्या दिसल्या की लोक म्हणतात, हिचं बालपण सरलं नाही. चेष्टा होते, पण प्रेमळ. पुरुषाच्या कपाटात मुलींच्या आकृत्या दिसल्या की लोक गप्प होतात आणि मनात भलतंच आणतात. तुला जास्त सोसावं लागतं, हे मी मान्य करते.

आता मुद्द्याचं. या छंदात आहे काय, हे मला शब्दांत सांगायला फार वर्षं लागली, आणि ते मला शिकवलं एका गणपतीवाल्यांनी.

माझ्या मामांच्या ओळखीचे एक काका आहेत, पेणजवळ हमरापूरला त्यांचा गणपतीचा कारखाना. तीन-चार वर्षांपूर्वी मे महिन्यात काही कामाने पुण्याला आले, मामांबरोबर घरी चहाला आले. सासूबाईंनी सवयीने सांगून टाकलं, "हिला जपानी बाहुल्यांचं वेड आहे हो." काका कप ठेवून उठले, कपाटापाशी गेले आणि विचारलं, "काढू का एक?" त्यांनी काढली ती धनुष्य ताणलेली, केस वाऱ्यावर उडालेली एक मुलगी. एक सप्तमांश मापाची. म्हणजे एकशे साठ सेंटिमीटर उंचीचं पात्र असेल तर फिगर तेवीस सेंटिमीटरची.

चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. आधी उलटी करून तळ पाहिला, मग काखेत पाहिलं, मग केसांच्या खालून मानेवर बोट फिरवलं.

"जोड कुठाय?"

मी म्हटलं, बघा सापडतोय का. उजेडाकडे धरून फिरवत राहिले. दोन मिनिटांनी म्हणाले, "केसांत लपवलाय. आणि दंडाचा जोड बाहीच्या काठाशी आणलाय, म्हणजे शिवणीसारखाच दिसेल. केस तीन तुकड्यांत ओतलेत. ज्याने हे तुकडे पाडले तो हुशार आहे." मग मापं विचारली, मटेरियल विचारलं. मी सांगितलं: पीव्हीसी, काठीसारखे सरळ भाग एबीएसचे, म्हणजे जास्त कडक प्लास्टिकचे. मूळ मूर्ती करणाऱ्याला 'गेन्केइशी' म्हणतात. पूर्वी पुटीत कोरायचे, आता बरेच जण संगणकावर घडवून छापून काढतात. त्यावरून पोलादी साचे, आणि साच्यांचाच खर्च एवढा की काही हजार नग खपणार असतील तरच कंपनी हात घालते. म्हणून आधी ऑर्डर घेऊन वर्ष-वर्ष थांबवतात. काकांना हे नवीन नव्हतं. त्यांच्याकडेही साचा कुणाचा, मूळ मूर्ती कुणाच्या हातची, कोण कुणाची नक्कल मारतो, हेच राजकारण.

शेवटी चेहरा पाहिला. चष्मा वर केला, फिगर नाकापाशी आणली.

"डोळे आखलेले नाहीत. छापलेत."

बरोबर होतं. आखणी, म्हणजे गणपतीचे डोळे रंगवण्याचं काम, कारखान्यात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जाणत्या माणसाकडे जातं. फिगरचे डोळे पॅडने छापतात. धातूच्या पट्टीवर नक्षी कोरलेली, त्यातली शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि गालाच्या उंचवट्यावर दाबतो. पांढरा वेगळा, बुबुळ वेगळं, बुबुळाची गडद छटा वेगळी, पापणीची रेघ वेगळी, वरचा चमकता ठिपका वेगळा. यातला एक ठसा केसभर सरकला तर पोरगी तिरळी. ही कसरत मी मोठ्या अभिमानाने समजावली.

"म्हणजे सगळ्यांचे डोळे सारखेच?"

"हो."

"मग मजा काय? आमच्याकडे पाचशे मूर्ती एकाच माणसाने आखल्या तरी पाचशे जणांची नजर वेगळी." आणि फिगर माझ्या हातात दिली.

माझ्या छंदावरची ही पहिली टीका, जी वस्तू हातात घेऊन, उलटीसुलटी करून केलेली होती. मला अपमान वाटायच्या ऐवजी इतका आनंद झाला की मी आतल्या खोलीतून माझं गॅरेज किट काढून आणलं. गॅरेज किट म्हणजे कच्चा माल. मूळ मूर्तीवरून सिलिकॉन रबराचा साचा, त्यात रेझिन ओतून काढलेले पांढुरके तुकडे, हाताने काढलेले, वीस-पंचवीस नगांचे. तेलकटपणा धुवायचा, पितळी तार घालून सांधे जोडायचे, घासायचं, प्रायमर, मग रंग. रबराच्या साच्यात प्लास्टर भरणाऱ्या माणसाला यात समजावण्यासारखं काहीच नव्हतं. याचे डोळे मी स्वतः बारीक ब्रशने काढलेत, आठवडाभर खपून. काकांनी एक नजर टाकली. "डावा उतरलाय," म्हणाले. तो उतरलेलाच आहे. ते किट अजून माझ्याकडे आहे आणि आता मला त्यात दुसरं काही दिसतच नाही.

ही किटं मिळतात ती वंडर फेस्टिव्हल नावाच्या फिगर-मॉडेलांच्या जत्रेत. १९८५ पासून भरतो, १९९२ पासून काइयोदो ही कंपनी भरवते. वर्षातून दोनदा, हल्ली तोक्योशेजारी चिबातल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन-केंद्रात. काइयोदो स्वतः १९६४ साली ओसाकाजवळच्या मोरिगुचीत दीड त्सुबोच्या, म्हणजे जेमतेम पन्नास चौरस फुटांच्या मॉडेलच्या दुकानातून सुरू झाली. या जत्रेचा एक नियम मला फार आवडतो. हौशी कलाकाराला दुसऱ्याच्या मालकीचं पात्र घडवायचं तर परवानगी लागणार; ती मिळते, पण फक्त त्या एका दिवसाची आणि त्या एका जागेची. महिनोन् महिने आधी अर्ज, मूर्तीचे फोटो मंजुरीला पाठवायचे, हक्क असणारे म्हणाले 'नाक बदला' तर नाक बदलायचं. आणि संध्याकाळी टेबलावर चार किटं उरली तर ती उद्या विकता येत नाहीत. मी एकदा बंद व्हायच्या अर्धा तास आधी एका टेबलापाशी उभी होते. पलीकडचा मुलगा दिवसा कुठल्याशा कारखान्यात हिशेब लिहायचा. त्याने वर्षभर रात्री जागून एका दुय्यम पात्राची मूर्ती केली होती. कथेत त्या पात्राला धड चार वाक्यं नसतील. मी विचारलं, हीच का? तर म्हणाला, "हिची कुणी करणार नाही म्हणून." मी घेतलेलं किट त्याच्याकडचं शेवटून दुसरं. डावा डोळा उतरलाय तो हिचाच.

तुझ्या सोळांपैकी तीन नेंदोरॉइड आहेत असं लिहिलंयस. मोठं डोकं, चिमुकलं अंग, दहा सेंटिमीटर उंची, चेहरे बदलता येतात. २००६ पासून निघतात आणि आता क्रमांक दोन हजारांच्या पुढे गेलेत. पाहुण्यांसमोर या सर्वांत सोप्या, आणि तुझ्या आईला पटकन आवडतील अशाही याच. एकीचा चेहरा तिलाच बदलायला दे.

आता जिथे बाहेरच्यांचं बरोबर असतं तिथे त्यांना बरोबर म्हणायला शीक.

पैशाचं ते बरोबरच विचारतात. एक सप्तमांश मापाची चांगली फिगर आज पंधरा ते पंचवीस हजार येनला जाते, म्हणजे टपाल आणि जकात धरून अनेकदा तुझ्या घरभाड्याच्या आसपास. मी तोक्योतल्या दुसऱ्या वर्षी एका महिन्यात पाच घेतल्या आणि पगाराआधीचा शेवटचा आठवडा ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या गोळ्यांवर, काढला. कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर नियम केला: उधारीवर नाही, आणि एक आल्याशिवाय दुसरीची ऑर्डर नाही. स्वस्तातली वाट हवी असेल तर बक्षिसाच्या फिगर्स बघ. क्रेनने उचलायच्या यंत्रांतल्या बक्षिसाची किंमत तिकडे नियमाने बांधलेली आहे; बरीच वर्षं ८०० येन होती, २०२२ मध्ये १,००० झाली. एवढ्याशा मर्यादेत किती चांगलं काम करतात ते बघण्यासारखं असतं, आणि त्याच फिगर्स सेकंडहँड सहज मिळतात. आपल्याकडे मेळ्यांत विकतात त्या नकला मात्र घेऊ नकोस. चकाकणारी कातडी, रॉकेलसारखा वास, आणि ज्या मुलाने रात्री जागून नाक बदललं त्याला दमडी नाही.

आणि काय घेतोस, हेही लोक विचारणारच. काही फिगर्स उघड्यावाघड्या असतात, काहींचे कपडे निघतात. प्रौढ माणसाने प्रौढ पात्राची तशी मूर्ती आपल्या खोलीत ठेवली तर माझी हरकत नाही, पण ती बैठकीच्या खोलीत आजीच्या डोक्यावर ठेवून 'ही कला आहे' असा वाद घालू नये. लहान मुलीसारख्या दिसणाऱ्या पात्रांच्या तसल्या फिगर्स मी घेत नाही, आणि त्या बघून कुणाचं तोंड वाकडं झालं तर मी छंदाच्या बाजूने एक शब्द बोलत नाही. सगळ्याचाच बचाव करायला गेलो तर लोक आपलं काहीच ऐकत नाहीत.

पण जिथे आपलं नुकसान होतं तिथे गप्पही बसायचं नाही. एका दिवाळीत नात्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलाने कपाट उघडून माझी एक तलवारवाली उचलली, आणि तलवारीसकट मनगट तुटलं. मुलाचा काय दोष, त्याला ते खेळणंच दिसलं. त्याची आई म्हणाली, "जाऊ दे ना, दुसरी आण." मी ताटं वाढायचं थांबवलं आणि शांतपणे सांगितलं की ही २०१३ ची आहे, पुन्हा निघालेली नाही, दुसरी येत नाही. त्यांनी बैठकीतली चिनीमातीची बरणी फुटल्यावर "दुसरी आण" म्हटलं असतं का, हेही विचारलं. वातावरण बिघडलं. बिघडू दिलं. रात्री मनगटात अर्ध्या मिलिमीटरची तार घालून सुपरग्लूने सांधा बसवला. मुलाला शेजारी बसवून टॉर्च धरायला लावली होती. आता तो बारावीत आहे आणि दर सुट्टीत येऊन विचारतो, कुणाचं काही तुटलंय का.

कोल्हापूरचा उन्हाळा पुण्यासारखाच, म्हणून जाता जाता: कपाट खिडकीसमोर असेल तर हलव. उन्हाने रंग पिवळा पडतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात पीव्हीसी मऊ होऊन एका पायावरच्या फिगर्स कलायला लागतात. कललेली असेल तर तो भाग गरम पाण्यात, हात जेमतेम सोसेल त्याहून थोड्या जास्त, अर्धा मिनिट धरायचा, सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात. बंद खोक्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या चिकट होतात. प्लास्टिकला मऊ ठेवणारं रसायन वर येतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. हे सगळं करताना आईला बघू दे. माझ्या सासूबाई 'वेड आहे' म्हणायच्या थांबल्या नाहीत, पण दर नवरात्रात घर आवरताना कपाटाच्या काचा त्याच पुसतात आणि धनुष्यवालीला कुणी हात लावला तर ओरडतात.

राहिले मामा. बोलणी पुढे सरकली तर ते पुन्हा येतील. त्या दिवशी व्याख्यान देऊ नकोस, व्हेनिस आणि २००४ तर नकोच. पुन्हा बाहुल्यांवरून बोलले तर "हो, बाहुल्याच आहेत, एक बघा ना" म्हण, आणि तुझ्याकडची सर्वांत चांगली एक काढून त्यांच्या हातात दे. जोड शोधायला सांग. आणि हो, देताना बुडाच्या चकतीला धरून दे, नाहीतर ते पहिल्यांदा केसांनाच धरतील.